जहाजाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा का असतो? समुद्रात तो किती लांबून दिसतो?

चिकलठाणा विमानतळावर रात्री उतरणारं विमान कधी नीट बघितलंय? त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा. ही पद्धत विमानांनी जहाजांकडून उचलली आहे. विमानाचा शोध लागायच्या अर्धं शतक आधीपासून वाफेवरची जहाजं डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा लावून फिरत होती.

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. पण सुट्टीत अलिबाग, गुहागर, मालवण गाठणारे आणि रात्री किनाऱ्यावरून रील काढणारे आपल्यात कमी नाहीत. अशा रीलखाली एक प्रश्न हमखास येतो, "समुद्रात लांब ते दिवे कसले आहेत?" उत्तरादाखल कुणी तेलाचे प्लॅटफॉर्म म्हणतं, कुणी नौदल म्हणतं, कुणी थेट एलियनपर्यंत जातं.

खरं तर समुद्रातल्या त्या प्रत्येक दिव्याला अर्थ असतो. हे जहाज आहे की मासेमारी नौका, ते कुठल्या दिशेला चाललंय, जाळं पाण्यात आहे का, बाजूला कुणी व्हायचं, हे सगळं दिव्यांवरून वाचता येतं. आणि हे वाचण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. २१ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री गोव्यापासून साधारण ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' नावाच्या मासेमारी नौकेची आणि भारतीय नौदलाच्या पाणबुडीची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते. ११ जणांना वाचवण्यात आलं, दोघे परत आले नाहीत. त्या अपघाताला कोण जबाबदार, हा या लेखाचा विषय नाही. पण अंधारात दोन नौका एकमेकींना कशा ओळखतात आणि ओळखणं कुठे चुकू शकतं, ते समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- जहाजाच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा असतो.
- कुठला रंग दिसतो त्यावरून समोरचं जहाज कुठे चाललंय ते कळतं.
- मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून, म्हणजे साधारण ११ किलोमीटरवरून दिसायला हवा. छोट्या होडीच्या बाजूच्या दिव्याला १ मैलाची अट आहे.
- धुरकं, काचेवरचं मीठ, शहराचा झगमगाट आणि नौकेवरचेच इतर दिवे यामुळे हे अंतर खूप कमी होतं.

हे नियम ठरवले कुणी?

समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम जगभर एकच आहेत. १९७२ मध्ये समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १५ जुलै १९७७ पासून तो लागू झाला. दर्यावर्दी लोक त्याला 'कोलरेग्ज' म्हणतात. भारतानेही हे नियम स्वीकारलेले आहेत. त्यामुळे न्हावा-शेवा बंदरात येणारं परदेशी कंटेनर जहाज आणि ससून डॉकमधून निघालेला ट्रॉलर, दोघांनाही दिव्यांची भाषा एकच.

दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावायचे. दिवसा धुकं असेल, जोराचा पाऊस असेल आणि लांबचं दिसत नसेल, तरीही लावायचे. हवामान कसंही असो, सूर्य मावळला की दिवे लागले पाहिजेत. "आज चांदणं चांगलं आहे, दिव्याची गरज नाही" अशी सवलत नियमात नाही.

मुख्य दिवे कोणते आणि ते कुठून दिसतात?

गंमत अशी, की जहाजाचा प्रत्येक दिवा सगळीकडून दिसत नाही. तो मुद्दाम ठरावीक कोनातूनच दिसेल असा बसवलेला असतो. सगळी युक्ती इथेच आहे.

- डोलकाठीचा दिवा: पांढरा. समोरून आणि दोन्ही बाजूंनी मिळून २२५ अंशांत दिसतो. मागून दिसत नाही.
- डाव्या बाजूचा दिवा: लाल. नाकासमोरच्या रेषेपासून डावीकडे ११२.५ अंशांपर्यंत दिसतो.
- उजव्या बाजूचा दिवा: हिरवा. तसाच, उजवीकडे ११२.५ अंशांपर्यंत.
- मागचा दिवा: पांढरा. फक्त मागच्या १३५ अंशांत दिसतो.

आता बेरीज करा. बाजूचे दोन दिवे मिळून २२५ अंश, त्यात मागच्या दिव्याचे १३५ अंश मिळवले की ३६० पूर्ण. म्हणजे तुम्ही जहाजाच्या कुठल्याही बाजूला असा, एक तरी दिवा दिसणारच. आणि जो दिसेल तो तुम्ही त्या जहाजाच्या कुठल्या बाजूला आहात ते सांगणार.

५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला डोलकाठीचे दोन दिवे लागतात, एक पुढे आणि एक मागे. मागचा पुढच्यापेक्षा उंच असतो. हे दोन्ही दिवे एकाखाली एक सरळ रेषेत दिसले तर जहाज थेट तुमच्याकडे येतंय. खालचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला तर जहाज तुमच्या डावीकडे चाललंय, उजवीकडे दिसला तर उजवीकडे. किनाऱ्यावर बसूनही हे ओळखता येतं. पुढच्या वेळी रात्री किनाऱ्यावर असाल तेव्हा करून बघा.

समोर लाल दिसला तर काय करायचं?

समजा तुम्ही रात्री इंजिनवरची नौका चालवताय. चार गोष्टी घडू शकतात.

पहिली, समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसतात, वर पांढरा आहे. म्हणजे समोरची नौका थेट तुमच्या अंगावर येतेय. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. दोघांच्या डाव्या बाजू एकमेकांसमोर येतात आणि नौका सुखरूप निघून जातात. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, समुद्रात मात्र उजवी बाजू धरायची असते. बंदराच्या अरुंद मार्गातही उजव्या कडेनेच जायचं.

दुसरी, तुमच्या उजव्या हाताला एक नौका आहे, ती आडवी येतेय आणि तिचा लाल दिवा दिसतोय. बाजूला होण्याची जबाबदारी तुमची. वेग कमी करा किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जा. लाल दिवा म्हणजे थांबा, ही सिग्नलची सवय इथेही कामाला येते.

तिसरी, तुमच्या डाव्या हाताला नौका आहे आणि तिचा हिरवा दिवा दिसतोय. आता बाजूला व्हायचंय तिला. तुम्ही दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, कारण तुम्हीही वळलात तर तिचा अंदाज चुकेल. पण ती हलतच नसेल तर टक्कर टाळण्यासाठी शेवटी तुम्हालाही हालचाल करावीच लागते. "नियम माझ्या बाजूने होता" हे सांगायला जिवंत राहणं जास्त महत्त्वाचं.

चौथी, फक्त एकच पांढरा दिवा दिसतोय आणि तो जवळ येतोय. बहुतेक वेळा याचा अर्थ तुम्ही कुणाच्या तरी मागून, तिच्यापेक्षा वेगाने चालला आहात. ओव्हरटेक करणाऱ्यानेच लांबून जायचं असतं.

पण एकट्या पांढऱ्या दिव्यात एक मेख आहे. तो नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेचाही असू शकतो. ७ मीटरपेक्षा छोट्या आणि ७ नॉटच्या वर न जाणाऱ्या यांत्रिक होडीलाही फक्त एक चौफेर पांढरा दिवा लावून चालतं. वल्ह्यांच्या होडीत तर हातात तयार ठेवलेली टॉर्च पुरते. म्हणून अनुभवी तांडेल एकट्या पांढऱ्या दिव्याकडे सगळ्यात जास्त संशयाने बघतो.

टक्कर होणार हे आधी कसं कळतं?

यासाठी एक साधी कसोटी आहे. समोरचा दिवा आपल्या नौकेवरच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरायचा आणि दिशा न बदलता काही वेळ बघत राहायचं. दिवा खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर बहुधा दोघं सुटून जातील. दिवा त्याच रेषेत राहून जवळ येत असेल तर टक्कर ठरलेली आहे.

इथे डोळा फसतो. एका जागी स्थिर असलेली गोष्ट आपल्याला निरुपद्रवी वाटते, हलणारी गोष्ट लक्ष वेधते. समुद्रात मात्र एका जागी "शांत" बसलेला दिवाच सगळ्यात धोक्याचा असतो.

दिवा किती लांबून दिसायला हवा?

नियमांनी नौकेच्या लांबीनुसार किमान अंतर ठरवून दिलंय. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

| नौकेची लांबी | डोलकाठीचा दिवा | बाजूचे लाल-हिरवे | मागचा दिवा |
|---|---|---|---|
| ५० मीटर किंवा जास्त | ६ मैल | ३ मैल | ३ मैल |
| २० ते ५० मीटर | ५ मैल | २ मैल | २ मैल |
| १२ ते २० मीटर | ३ मैल | २ मैल | २ मैल |
| १२ मीटरपेक्षा कमी | २ मैल | १ मैल | २ मैल |

अंदाज यावा म्हणून सांगतो. संभाजीनगर शहरापासून देवगिरी किल्ला साधारण १५ किलोमीटरवर आहे. मोठ्या जहाजाचा डोलकाठीचा दिवा तुम्हाला त्या वाटेच्या जवळपास तीन चतुर्थांश अंतरावरून दिसायला हवा. छोट्या होडीचा लाल-हिरवा दिवा दोन किलोमीटरच्याही आतच दिसतो.

यासाठी किती प्रखर दिवा लागतो?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ११ किलोमीटरवरून दिसणारा दिवा म्हणजे हॅलोजनसारखा डोळे दिपवणारा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नियमाप्रमाणे ६ मैलांसाठी ९४ कॅन्डेला प्रखरता पुरते. एक कॅन्डेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा प्रकाश. म्हणजे शंभरेक मेणबत्त्यांचा उजेड. ३ मैलांसाठी १२ कॅन्डेला, २ मैलांसाठी ४.३ आणि १ मैलासाठी तर ०.९ कॅन्डेला, म्हणजे जेमतेम एक मेणबत्ती. गडद अंधारात माणसाचा डोळा इतका संवेदनशील असतो.

पण आकडे पुन्हा बघा. १ मैलाला एक मेणबत्ती, तर ६ मैलांना सहा का नाहीत? दोन कारणं आहेत. अंतर दुप्पट झालं की डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. शिवाय वाटेतली हवा प्रत्येक मैलाला थोडा प्रकाश खाते. नियमातलं गणित असं धरतं, की दर मैलाला ८० टक्के प्रकाश पुढे जातो आणि २० टक्के वाटेत संपतो. ही चांगली स्वच्छ हवा झाली, ज्यात दिवसा साधारण १३ मैलांपर्यंतचं दिसतं.

आता खरा प्रश्न. हवा स्वच्छ नसेल तर?

धुरक्यात दिव्याचं काय होतं?

हिवाळ्यात पहाटे मुंबईच्या किनाऱ्यावर धुरकं पसरतं तेव्हा लांबचं काही दिसत नाही. समजा दृश्यमानता २ मैलांवर आली. नियमातलंच सूत्र वापरून हिशोब केला तर काय येतं बघा:

- ६ मैलांचा दिवा साधारण २.२ मैलांवरून दिसतो.
- ३ मैलांचा दिवा साधारण १.४ मैलांवरून.
- २ मैलांचा दिवा साधारण १.१ मैलांवरून.

म्हणजे ज्या दिव्यावर "६ मैल" लिहिलंय तो धुरक्यात निम्म्याहूनही कमी अंतरावर येतो. आणि बल्ब दुप्पट प्रखर केला म्हणून अंतर दुप्पट होत नाही, हवा सगळं खाऊन टाकते. म्हणूनच धुक्यात दिव्यांबरोबर भोंगाही वाजवावा लागतो. चालत्या यांत्रिक नौकेने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा. मासेमारीत असलेल्या नौकेने एक लांब आणि दोन छोटे.

हवेशिवाय बाकीही शत्रू आहेत.

मीठ आणि काजळी: समुद्राचे तुषार काचेवर सुकले की मिठाचा थर बसतो. इंजिनाच्या धुराची काजळी वेगळीच. कागदावर २ मैलांचा असलेला दिवा काच न पुसल्याने प्रत्यक्षात बराच मंद होतो.

बॅटरी आणि वायर: जुन्या पद्धतीच्या बल्बचा व्होल्टेज ५ टक्के घसरला तरी प्रकाश १५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. गंजलेल्या जोडणीमुळे असा व्होल्टेज सहज पडतो.

रंगीत काच: साध्या बल्बपुढे लाल किंवा हिरवी काच लावली की बराचसा प्रकाश काचेतच अडकतो. म्हणून लांबून आधी पांढरा दिवा दिसतो, रंग नंतर कळतो. म्हणजे समोर "काहीतरी आहे" हे आधी समजतं, "ते कुठे चाललंय" हे उशिरा.

लाटा: छोट्या होडीचा दिवा पाण्यापासून फार उंच नसतो. लाट मध्ये आली की तो दिसेनासा होतो आणि पुन्हा दिसतो. लांबून तो लुकलुकणारा वाटतो. पाण्यावर आलेल्या पाणबुडीचे दिवेही पाण्याच्या जवळ असतात, त्यामुळे एवढी मोठी पाणबुडी लांबून छोट्या होडीसारखी वाटू शकते.

शहराचा झगमगाट: बाहेरून मुंबईकडे येणाऱ्या जहाजाला समोर लाखो दिवे दिसतात. त्यात एका होडीचा दिवा शोधणं म्हणजे लग्नाच्या रोषणाईत निरांजन शोधण्यासारखं आहे.

मोबाइल: अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. एकदा मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघितलं की ती मेहनत काही सेकंदांत वाया जाते.

मिनिटांचा हिशोब

आता हे सगळं वेळेत मांडू, कारण समुद्रावर प्रश्न शेवटी वेळेचाच असतो.

एक मालवाहू जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर वेगाने येतंय. समोरून १५ मीटर लांबीची मासेमारी नौका ८ नॉटने येतेय. दोघांमधलं अंतर २६ नॉटने कमी होतंय.

स्वच्छ रात्री नौकेच्या तांडेलाला जहाजाचा डोलकाठीचा दिवा ६ मैलांवर दिसू शकतो. त्याच्या हातात जवळपास १४ मिनिटं आहेत. जहाजाला मात्र नौकेचे लाल-हिरवे दिवे २ मैलांवर दिसतील. त्यांच्याकडे साधारण साडेचार मिनिटं. धुरकं असेल तर तांडेलाकडे पाच मिनिटं आणि जहाजाकडे अडीच.

मोठं जहाज अडीच मिनिटांत थांबू शकत नाही, इंजिन उलटं फिरवलं तरी ते बराच पल्ला पुढे सरकत राहतं. त्यात आणखी एक अडचण. कंटेनर रचलेल्या जहाजाच्या नाकापुढचं पाणी वरच्या चालक कक्षातून दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी या न दिसणाऱ्या पट्ट्यावर मर्यादा घातलीय, जहाजाच्या दुप्पट लांबी किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे मोठ्या जहाजाच्या पुढ्यात अर्धा किलोमीटर पट्टा झाकलेला असू शकतो.

यातून एक सरळ गोष्ट निघते. लहान नौकेला मोठं जहाज आधी दिसतं, मोठ्या जहाजाला लहान नौका उशिरा दिसते. कायद्याने कुणाचीही जबाबदारी असो, प्रत्यक्षात जास्त वेळ लहान नौकेच्या हातात असतो. म्हणून दिवसभर जाळी ओढून सगळे खलाशी दमलेले असले, तरी रात्री एक जण जागा राहून चौफेर बघत असणं दिव्याइतकंच गरजेचं आहे. सतत नजर ठेवणं हाही नियमच आहे.

मासेमारी नौकेचे दिवे वेगळे का?

जाळं पाण्यात असलेली नौका पटकन वळू शकत नाही. म्हणून इंजिनवर चालणाऱ्या इतर जहाजांनी तिच्यापासून दूर राहायचं असा नियम आहे. पण त्यासाठी "माझं जाळं पाण्यात आहे" हे तिने दिव्यांनी सांगावं लागतं.

- ट्रॉलर जाळं ओढत असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. दोन्ही चौफेर दिसणारे.
- गिलनेट किंवा इतर जाळी असतील तर वर लाल, खाली पांढरा.
- या दुसऱ्या प्रकारात जाळं नौकेपासून १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा.
- नौका पुढे सरकत असेल तर बाजूचे लाल-हिरवे आणि मागचा पांढराही सोबत.

नौकेने हे दिवे लावलेच नाहीत तर काय होतं? समोरचं जहाज तिला साधी यांत्रिक नौका समजतं. तिला मिळणारी सवलत तिथेच संपते. दोनशे मीटर लांब जाळं कापलं जातं, नाहीतर त्याहून वाईट घडतं. मासेमारीला निघालेल्या कुटुंबाचा पैसा आणि माणसं दोन्ही या दोन बल्बवर अवलंबून असतात, ते असं.

एक लक्षात ठेवायला हवं. बंदराच्या अरुंद मार्गात ही सवलत चालत नाही. तिथे मासेमारी नौकेने त्या मार्गाने जाणाऱ्या इतर जहाजांना अडथळा करायचा नसतो.

एलईडी मासेमारीचा इथे काय संबंध?

कोकणात गेली काही वर्षं पेटलेला हा वाद बातम्यांत तुम्ही वाचला असेल. जनरेटरवर प्रखर एलईडी दिवे लावायचे, प्रकाशाकडे मासळी गोळा होते आणि मग एकदम जाळं टाकून ती उचलायची. यात छोटी मासळीही साफ होते आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याला काही उरत नाही, ही मुख्य तक्रार. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. राज्यानेही १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला.

मासळीचा मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. दिव्यांचा मुद्दा मात्र मागे पडतो. टकरीचे नियम सांगतात, की ठरवून दिलेल्या दिव्यांशी गल्लत होईल, ते झाकले जातील किंवा नजर ठेवण्यात अडथळा येईल असे इतर दिवे लावायचे नाहीत. एलईडीच्या झोतात नौकेचा लाल कुठला आणि हिरवा कुठला ते कळतच नाही. शेजारून जाणाऱ्या छोट्या होडीच्या तांडेलाचे डोळे दिपतात आणि पुढची काही मिनिटं त्याला समोरचा अंधारच दिसतो. बंदी नसलेल्या साध्या नौकेवरही डेकवर काम करताना लावलेल्या मोठ्या फोकसचं हेच होतं. फोकस खाली डेककडे वळवला आणि त्याला आडोसा केला तर प्रश्न बराच सुटतो.

दीपगृह आणि बोया यांचे दिवे कसे ओळखायचे?

हे दिवे जागचे हलत नाहीत आणि बहुतेक ठरावीक लयीत चमकतात. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, त्यावरून तांडेल आपण कुठे आहोत ते ओळखतो. मुंबईच्या तोंडाशी कुलाब्याजवळचं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं आहे. अलिबागजवळच्या खांदेरीवर, ज्याला आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, १८६७ पासून दीपगृह आहे.

दीपगृहाला आणखी एक मर्यादा असते, पृथ्वीच्या गोलाईची. दिवा समुद्रापासून ४० मीटर उंच आणि बघणाऱ्याचे डोळे २ मीटर उंचीवर असतील तर तो साधारण १६ मैलांपलीकडे क्षितिजाखाली जातो, मग कितीही प्रखर असो. नौकांच्या छोट्या दिव्यांना ही अडचण सहसा येत नाही. त्यांची ताकद गोलाईच्या आधीच संपते.

बंदराच्या मार्गावरचे तरंगते बोयेही लाल-हिरवे असतात. भारतात समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. अमेरिकेत हे बरोबर उलटं आहे. नौकेवरच्या लाल-हिरव्याची बाजू मात्र जगभर एकच.

आणखी काही दिवे, जे रीलमध्ये दिसू शकतात

- एकाखाली एक दोन लाल: जहाज बिघडलंय, ताब्यात नाही. दूर राहा.
- लाल, पांढरा, लाल: गाळ काढणं, केबल टाकणं असं काम चालू आहे, हलता येत नाही.
- एकाखाली एक तीन लाल: जहाजाला खोल पाणी लागतं, मार्ग सोडून वळता येत नाही.
- वर पांढरा, खाली लाल: पायलटची बोट. बंदरात जहाज आणणाऱ्या वाटाड्याला घेऊन जाते.
- मागे पांढऱ्याच्या वर पिवळा: ओढणारी टग. तिच्या मागे दोरावर दुसरं काहीतरी आहे, मधून जाऊ नका.

रडार आणि जीपीएसच्या काळात दिव्यांची गरज काय?

प्रश्न रास्त आहे. मोठी जहाजं एआयएस यंत्रणेवर आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत प्रसारित करतात. मासेमारी नौकांसाठीही इस्रोच्या तंत्रावर आधारित ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना आहे. १ लाख ट्रान्सपॉन्डरच्या या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झाली.

पण यंत्र बंद पडतं, कधी बंद ठेवलं जातं. लाकडी किंवा फायबरची छोटी होडी लाटांच्या गर्दीत रडारवर नीट उमटत नाही. सगळ्या होड्यांकडे एआयएस नाही. दिव्याला मात्र समोरच्याकडे कुठलंही यंत्र लागत नाही, उघडे डोळे पुरतात. म्हणून यंत्रं आली तरी दिव्यांचा नियम शिथिल झालेला नाही.

तुम्ही रात्री बोटीत बसणार असाल तर

सूर्यास्तानंतर निघणाऱ्या बोटीत पाय ठेवण्याआधी लाल, हिरवा आणि पांढरा दिवा लागलाय का ते बघा. १२ मीटरपेक्षा छोट्या बोटीला डोलकाठीचा आणि मागचा दिवा वेगळा नसला तरी चालतं, चौफेर दिसणारा एक पांढरा आणि बाजूचे लाल-हिरवे पुरतात. यातलं काहीच नसेल तर सकाळची बोट पकडा. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवू नका, घाला.

बोट चालू असताना पुढच्या बाजूला मोबाइलचा फ्लॅश किंवा टॉर्च मारून व्हिडिओ काढू नका. तांडेलाचे डोळे दिपतात आणि त्याच वेळी समोरून काय येतंय ते त्याला दिसत नाही. समुद्रात कुणी संकटात दिसलं तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल फ्री नंबर आहे.

पैठणच्या नाथसागरासारख्या जलाशयात समुद्राचे हे आंतरराष्ट्रीय नियम थेट लागू होत नाहीत, देशांतर्गत पाण्यातल्या यांत्रिक बोटींसाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे. पण अंधार तिथेही तोच असतो. बिनदिव्याची बोट तिथेही तितकीच अदृश्य असते.